मार्शल आर्टचा क्लास लावायचाय? मग शाळा आणि सर असे पारखा

कराटे, ज्युदो, बॉक्सिंग, जिउ-जित्सू, काहीही शिकायचं डोक्यात आलं की लोक पहिला प्रश्न विचारतात, यातलं सगळ्यात भारी कोणतं. मी बरीच वर्षं मॅटवर काढलीत, शिकलोय, थोडंफार शिकवलंयही, आणि माझ्या मते हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. एकाच कलेचे दोन क्लास घ्या, दोन्हीकडे भिंतीवर एकाच गुरूंचा फोटो, तरी एकीकडे माणूस दोन वर्षांत पडायला, सावरायला, समोरचा अंगावर आला तरी डोकं शांत ठेवायला शिकतो आणि दुसरीकडे तेवढ्याच काळात चार रंगीत बेल्ट आणि एक कायमचा दुखरा गुडघा घेऊन घरी बसतो. फरक पडतो तो शिकवणाऱ्यामुळे.

आणि शिकवणारा कसा आहे हे तो स्वतः किती उंच किक मारतो त्यावरून कळत नाही. त्याच्याकडचा सगळ्यात नवखा, सगळ्यात कच्चा विद्यार्थी कसा शिकतोय ते बघा, म्हणजे कळेल. खाली जे काही लिहिलंय ते सगळं शेवटी याच एका गोष्टीशी येऊन थांबतं.

आधी ठरवा, नक्की कशासाठी

तब्येतीसाठी, स्वसंरक्षणासाठी, स्पर्धा खेळायला, मुलाला शिस्त लागावी म्हणून, की एखाद्या परंपरेची मनापासून ओढ आहे म्हणून. एकापेक्षा जास्त कारणं असली तरी चालतं, पण पहिलं कोणतं ते स्वतःशी स्पष्ट असू द्या, कारण नंतर क्लास बघायला जाल तेव्हा समोरचे सर तुम्हाला सगळंच मिळेल असं सांगणार आहेत.

ढोबळमानाने बघायचं तर काही कलांमध्ये मारणं मुख्य असतं, कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंग, मुए थाई वगैरे, आणि काहींमध्ये पकडणं, फेकणं, जमिनीवर दाबून ठेवणं मुख्य, म्हणजे कुस्ती, ज्युदो, ब्राझिलियन जिउ-जित्सू. काही ठिकाणी दोन्ही शिकवतात. स्पर्धा खेळायची असेल तर तो खेळ तुमच्या आसपास खरंच खेळला जातो का आणि तो क्लास स्पर्धा घेणाऱ्या अधिकृत संघटनेशी जोडलेला आहे का हे आधी बघा. ज्युदो ऑलिम्पिकमध्ये 1964 ला पहिल्यांदा आला, तायक्वांदो 2000 पासून पदकांचा खेळ झाला, कराटे 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये आला आणि पुढच्या पॅरिसला नव्हता. ज्या पोराला तिथपर्यंत जायचंय त्याला हे माहीत असायला हवं, बाकीच्यांनी यात अडकू नये.

पण मारणं की पकडणं यापेक्षाही मोठा फरक एक आहे, तो म्हणजे त्या क्लासमध्ये विरोध करणाऱ्या माणसाबरोबर सराव होतो की नाही. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोतल्या एका देवळात कोदोकान नावाची शाळा सुरू केली, अवघ्या 12 चटयांच्या जागेत, आणि जुन्या जपानी जुजुत्सूतून ज्युदो घडवताना त्यांनी एक फार शहाणपणाचं काम केलं. जे डाव पूर्ण जोराने केले तर जोडीदार जायबंदी होईल ते त्यांनी मोकळ्या सरावातून बाजूला काढले आणि जे पूर्ण ताकद लावूनही रोज करता येतील ते ठेवले. यालाच रांदोरी म्हणतात, समोरचाही मनापासून विरोध करतोय आणि तुम्हीही मनापासून प्रयत्न करताय. रोज खऱ्या विरोधाविरुद्ध केलेला साधा डाव, नुसत्या हवेत किंवा मुकाट्याने उभ्या राहणाऱ्या जोडीदारावर केलेल्या भयंकर डावापेक्षा जास्त कामाला येतो, कारण दमलेलं शरीर आणि घाबरलेलं डोकं दोघांनाही त्याची सवय झालेली असते. पहिली यूएफसी, म्हणजे वेगवेगळ्या कलांच्या लोकांना एकमेकांशी लढवणारी स्पर्धा, 1993 मध्ये झाली आणि त्यात जिउ-जित्सूवाला रॉयस ग्रेसी आपल्यापेक्षा थोराड लोकांना जमिनीवर नेऊन जिंकत गेला. जिउ-जित्सू त्यामुळे जगभर पोचलं, पण माझ्या मते त्यातून घ्यायचा धडा हा की तो माणूस लहानपणापासून खऱ्या विरोधाविरुद्ध सराव करत आला होता.

म्हणून स्वसंरक्षण हा हेतू असेल तर ज्या क्लासमध्ये कधीच स्पारिंग, म्हणजे विरोध करणाऱ्या जोडीदाराशी मोकळी सराव-लढत, होत नाही तो पहिल्याच फेरीत यादीतून काढा. "आमची टेक्निक इतकी घातक आहे की स्पारिंग करताच येत नाही" असं कुणी म्हणालं तर नमस्कार करून निघायचं. परंपरा, काता (ठरलेल्या हालचालींची मालिका), शरीराची लय, मन शांत करणं हे हवं असेल तर मात्र कमी स्पारिंगचा क्लासही छान असू शकतो, फक्त सरांनी तसं स्पष्ट सांगायला हवं.

यादी करताना अंतराचा विचार आधी

ऐकायला फार साधं वाटेल पण क्लास सुटण्याचं खूप मोठं कारण अंतर हे असतं. आठवड्यातून दोन-तीनदा, दमून आल्यावर, पावसातही जाववेल एवढ्या अंतरावरचे तीन-चार क्लास निवडा. जगातले सर्वोत्तम सर दीड तासावर असतील आणि तुम्ही महिन्यातून दोनदाच पोचणार असाल तर जवळचे चांगले सर परवडले.

ऑनलाइन रिव्ह्यू वाचा पण पाच स्टार किती हे मोजत बसू नका, मजकूर बघा. "सर खूप छान आहेत" यातून काही कळत नाही. "गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यावर सहा महिन्यांनी परत आलो, सरांनी हळूहळू सुरुवात करून दिली" यातून बरंच कळतं. शक्य असेल तर क्लास सोडून गेलेला एखादा माणूस गाठा आणि का सोडलं ते विचारा. नोकरी बदलली, लग्न झालं, कंटाळा आला अशी उत्तरं आली तर ठीक, पण दोन-तीन जण आवाज खाली करून "जाऊ दे ना" म्हणायला लागले तर खोलात शिरा.

सर्टिफिकेट आणि गुरुपरंपरा

भिंतीवर फ्रेम केलेली दहा सर्टिफिकेटं असली म्हणून दबून जाऊ नका, कारण या क्षेत्रात संघटना कुणीही काढू शकतं आणि सर्टिफिकेट कुणीही छापू शकतं. कराटेत तर शोतोकान, गोजू-र्यू, शितो-र्यू, वाडो-र्यू अशा वेगवेगळ्या शैली आणि प्रत्येकीच्या अनेक संघटना, त्यामुळे एक केंद्रीय रजिस्टर असं काही नाही. विचारायचं ते सरळ विचारा: तुम्ही कुणाकडे शिकलात, किती वर्षं, ब्लॅक बेल्ट कुणी दिला, ती संघटना कोणती. खरा माणूस यावर चिडत नाही, उलट आपल्या सरांबद्दल बोलायला मिळालं की खुलतो. मग घरी येऊन पडताळा. तायक्वांदोचे डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्या, कोरियातल्या कुक्कीवॉन या मुख्य केंद्राकडून नोंदवले जातात आणि त्यांची खात्री करून घेता येते, जिउ-जित्सूत कुणाला कुणी ब्लॅक बेल्ट दिला ही साखळी लोक उघडपणे सांगतात, बॉक्सिंग आणि कुस्तीत बेल्टच नसतात त्यामुळे तिथे कोचचं लायसन्स आणि त्याने घडवलेले खेळाडू बघायचे.

धोक्याची एक खूण लक्षात ठेवा. तरुण वयात दहावा डॅन, स्वतःच काढलेली शैली, नावाआधी ग्रँडमास्टर आणि अजून चार पदव्या. ज्या कोदोकानने डॅनची पद्धत सुरू केली त्यांनी स्वतः इतक्या वर्षांत दहावा डॅन वीसपेक्षाही कमी लोकांना दिलाय, आणि तोही आयुष्यभराच्या कामानंतर.

आणि हेही तितकंच खरं की मोठा चॅम्पियन चांगला शिक्षक असेलच असं नाही. शिकवणं हे वेगळं कौशल्य आहे. फ्रान्सने 1955 मध्येच कायदा करून ज्युदो आणि जुजुत्सू शिकवायला सरकारी डिप्लोमा लागेल असं ठरवलं, आणि मला त्यातून दिसतं ते हे की स्वतः दुसऱ्याला फेकता येणं आणि नवख्या माणसाला न मोडता फेकायला शिकवणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आता खरं काम: एक पूर्ण क्लास बसून बघा

फोनवर बोलून, इन्स्टाचे रील बघून काही ठरवू नका. जाऊन एक पूर्ण क्लास, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बाजूला बसून बघा. आणि बघू देत नसतील तर तिथेच विषय संपला. "आमच्या टेक्निक बाहेरच्यांना दाखवत नाही" हे कारण मला आजवर एकदाही पटलेलं नाही.

बसल्यावर सगळ्यांची नजर आपोआप क्लासमधल्या स्टारकडे जाते, जो फिरून किक मारतो, उड्या मारतो. तुम्ही त्याच्याकडून नजर काढा. सगळ्यात मागे उभा असलेला, थोडा जाड, किंवा वयाने मोठा, किंवा नुकताच आलेला, ज्याचे हात कुठे आणि पाय कुठे असं चाललंय, त्याला शोधा आणि तासभर त्याच्यावर लक्ष ठेवा. सर त्याच्याजवळ किती वेळा आले? आले तेव्हा काय केलं? चांगले सर साधारण असं करतात की आधी दोन वेळा नुसतं बघतात, मग एकच चूक सांगतात, समजा मागचा पाय सपाट टेकलेला आहे आणि त्यामुळे कंबर फिरत नाहीये, टाच उचलून दाखवतात, त्याच्याकडून पाच-सहा वेळा करून घेतात, पुढे जातात, आणि पाच मिनिटांनी परत फिरून येऊन टाच उचलली जातेय का ते बघतात. हे परत फिरून येणं फार महत्त्वाचं. एका दमात सात चुका सांगून निघून जाणारा माणूस शिकवत नसतो, फक्त आपल्याला किती येतं ते दाखवत असतो.

मग जोड्या कशा लावतात ते बघा. नव्याला कुणाबरोबर दिलं? शांत, अनुभवी माणसाबरोबर दिलं तर उत्तम. नवा-नवा एकत्र सोडून दिले आणि सर मोबाईलवर, हे धोकादायक, कारण नव्या माणसाला आपली ताकद आवरता येत नाही. आणि सीनियर पोरं नव्यांशी कसं वागतात यावरून सरांबद्दल सगळं कळतं, कारण ती पोरं त्यांचीच नक्कल करत असतात. एका क्लासमध्ये मी बघितलं होतं, स्पारिंग चालू होतं, एका तगड्या सीनियरने नव्या मुलीला थोडं जास्त जोरात मारलं, सरांनी टाळी वाजवून सगळ्यांना थांबवलं नाही, आरडाओरडाही केला नाही, ते नुसते चालत गेले, त्या सीनियरला हळू आवाजात काहीतरी सांगितलं, त्याचा जोडीदार बदलला आणि पुढचा राउंड स्वतः त्याच्याबरोबर खेळले, तेवढ्याच हलक्या हाताने जेवढा हात त्याने तिच्याशी ठेवायला हवा होता. ती मुलगी तो क्लास संपेपर्यंत थांबली.

ज्युदो, जिउ-जित्सू, कुस्ती अशा ठिकाणी पडायला कसं शिकवतात हे सगळ्यात आधी तपासा. याला उकेमी म्हणतात, हनुवटी छातीला, डोकं मॅटला लागू द्यायचं नाही, हाताने मॅटवर फटका मारून जोर पसरवायचा. हे आठवडेच्या आठवडे करून घ्यायला हवं आणि मगच कुणीतरी तुम्हाला फेकायचं. मी यावर एवढा का अडून बसतोय त्याला कारण आहे. जपानमध्ये, ज्युदोच्या घरातच, 1983 नंतरच्या तीसेक वर्षांत शाळांमधल्या ज्युदोत शंभराहून जास्त मुलांचा जीव गेला, त्यातले बरेच मृत्यू डोक्याच्या इजेने झाले आणि त्यात शिकायला लागून वर्षही न झालेली मुलं बरीच होती. ओसोतो-गारीसारखा मागे पाडणारा डाव, नीट पडता न येणारं मूल, आणि वर "उठ, काही झालं नाही" म्हणणारा मोठा माणूस. पहिल्याच दिवशी तुम्हाला कुणी उचलून आपटणार असेल तर तो क्लास नको.

डोक्याच्या माराबद्दल तर सरांनी हट्टीच असायला हवं. मार लागून गरगरलं, मळमळलं, थोडा वेळ काही सुचेना झालं, की त्या दिवशीचा सराव संपला, आणि डॉक्टरांनी तपासून हो म्हणेपर्यंत नंतरचाही. "मर्द बन" म्हणून परत रिंगमध्ये पाठवणारे कोच अजूनही आहेत, त्यांना मी शिक्षक मानत नाही.

पकडीच्या खेळात अजून एक बघा, टॅप. जोडीदाराने हाताने थोपटलं किंवा तोंडाने सांगितलं की पकड लगेच सुटली पाहिजे, त्याच क्षणी. अर्धा सेकंद जास्त धरून ठेवणारे लोक जिथे चालवून घेतले जातात तिथे जाऊ नका. हील हूकसारख्या, म्हणजे टाच पकडून पाय पिळणाऱ्या, डावात तर दुखायला लागायच्या आधी गुडघ्याचे लिगामेंट गेलेले असू शकतात, त्यामुळे नव्या लोकांना ते बेधडक करू देणारा क्लास म्हणजे निष्काळजीपणा आहे.

बाकी पटापट. मॅट स्वच्छ आहे का, रोज पुसतात का, कारण गजकर्णासारखे त्वचेचे रोग मॅटवरून भरभर पसरतात. लोक बूट-चप्पल घालून मॅटवर येतात का, नखं कापलेली आहेत का. फर्स्ट एड बॉक्स दिसतो का, बर्फ आहे का. भिंती, खांब, आरसे यांच्यापासून सराव किती लांब चाललाय. एका तासात बोलणं किती आणि घाम किती. क्लासमध्ये वेगवेगळ्या वयाचे, वेगवेगळ्या अंगाचे लोक आहेत का, बायका टिकून आहेत का की एक-दोन महिन्यांत गायब होतात. वर्षानुवर्षं शिकणारे जुने लोक दिसतात का. सगळेच नवे असतील आणि क्लास दहा वर्षं जुना असेल तर जुने कुठे गेले हा प्रश्न पडायलाच हवा.

सरांशी बोला

क्लास संपल्यावर पाच-दहा मिनिटं मागा. मी साधारण हे विचारायला सांगतो. नवा माणूस आला तर पहिले तीन महिने काय करता? यावर स्पष्ट उत्तर यायला हवं, "बघू, त्याच्यावर आहे" असं असेल तर त्यांच्याकडे नव्यांसाठी काही योजना नाहीये. स्पारिंग कधी सुरू होतं आणि कोण ठरवतं? मागच्या वर्षी कुणाला काय दुखापत झाली आणि तुम्ही काय केलंत? या प्रश्नाला "आमच्याकडे कधीच कुणाला लागत नाही" हे उत्तर वाईट आहे, कारण या खेळात लागतंच. ज्याला आठवतं की कुणाचा खांदा निखळला होता, त्यानंतर आम्ही अमुक ड्रिल बदललं, तो माणूस लक्ष ठेवून असतो.

स्वसंरक्षण शिकवत असतील तर विचारा, समोरच्याने चाकू काढला तर काय करायचं. प्रामाणिक सर म्हणतील पळा, पाकीट मागत असेल तर देऊन टाका, आणि काहीच मार्ग नसेल तर मग हे हे करा आणि त्यातही जखम होईल हे धरून चाला. जे सर हसत हसत दोन सेकंदांत चाकू हिसकावून दाखवतात तेही हळू वार करणाऱ्या विद्यार्थ्यावर, त्यांच्यावर विसंबून जीव धोक्यात घालू नका. न टच करता माणूस पाडणं, नुसत्या ऊर्जेने बेशुद्ध करणं, असले दावे असतील तर बोलणं पुढे वाढवूच नका.

आणि शेवटी हे विचारा, मी अधूनमधून दुसऱ्या क्लासमध्ये जाऊन सराव केला तर चालेल का. चांगले सर म्हणतात जा की, येऊन सांग काय शिकलास. थोडी नाराजी दाखवणं माणसाचं आहे, ते समजू शकतो. पण बंदी, शपथ, बाकीच्या सगळ्या शैलींना शिव्या, गेलेल्यांना गद्दार म्हणणं हे दिसलं तर ती शाळा हळूहळू तुमच्या बाकीच्या आयुष्यातही हात घालायला लागते. सर म्हणजे गुरू, आदर ठेवायचाच, नमस्कार करायचाच, पण त्यांच्या घरची कामं, उसने पैसे, कुणाशी बोलायचं कुणाशी नाही हे त्यात येत नाही.

ट्रायल

जे दोन क्लास आवडले तिथे एक-दोन ट्रायल करा. आधीच सांगा गुडघा दुखतो का, कंबर कशी आहे, बीपी, दमा काय असेल ते, आणि सर ऐकून काय करतात ते बघा. मान हलवून विसरून गेले की वॉर्मअपमध्ये लगेच तुम्हाला वेगळा व्यायाम दिला? जमेल तेव्हा एकदा थांबून "मला आज हे नको" असं म्हणून बघा. तुमच्या नाही म्हणण्याला तिथे किती किंमत आहे ते लगेच कळतं, आणि मला वाटतं हीच सगळ्यात सोपी आणि सगळ्यात खरी चाचणी आहे, बायकांसाठी तर नक्कीच.

दुसऱ्या दिवशी अंग दुखणार, ते चालायचंच, स्नायू दुखतात. पण सांध्यात कळ, मान अवघडणं, डोकं जड राहणं हे पहिल्याच क्लासनंतर झालं असेल तर तिथलं काहीतरी चुकतंय.

पैशाचं बोलणं

सगळं आधी आणि लेखी विचारा. महिन्याची फी, नोंदणी, युनिफॉर्म, ग्लोव्हज वगैरे, ग्रेडिंगची म्हणजे बेल्टच्या परीक्षेची फी, संघटनेची वार्षिक मेंबरशिप, स्पर्धेची एंट्री, सेमिनार. बऱ्याच ठिकाणी महिन्याची फी कमी दिसते आणि मग दर दोन-तीन महिन्यांनी ग्रेडिंग निघतं, प्रत्येक बेल्टचे वेगळे पैसे, अर्ध्या बेल्टचे वेगळे, पट्टीचे वेगळे. ग्रेडिंगला पैसे घेणं यात गैर काही नाही, पण ग्रेडिंगमध्ये कधी कुणी नापास होतं का हे विचारा. कुणीच होत नसेल तर ती परीक्षा नाही. युनिफॉर्म त्यांच्याकडूनच घ्यायचा का हेही विचारून ठेवा. वर्षाची फी एकदम भरा, तीन वर्षांचं पॅकेज घ्या असं पहिल्याच दिवशी मागे लागले तर थांबा, आधी महिन्याने भरा. मध्येच दुखापत झाली, बदली झाली तर पैसे परत मिळतात का ते कागदावर वाचा.

"दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट, गॅरंटी" ही जाहिरात दिसली की सावध व्हा. बेल्ट म्हणजे मुळात शिकण्याची नोंद. कानो यांनी पहिले डॅन 1883 मध्ये दिले, कराटेत शोतोकान शैलीच्या फुनाकोशी यांनी 1924 मध्ये, आणि आज दिसतात ते इतके सगळे रंग पुढे 1930 च्या दशकात युरोपात रुळले, पॅरिसमध्ये शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांचा त्यात मोठा वाटा. किती काळ लागतो हे कलेप्रमाणे खूप बदलतं. जिउ-जित्सूत आयबीजेजेएफ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या सर्वसाधारण नियमाने निळ्या बेल्टवर किमान 2 वर्षं, जांभळ्यावर दीड, तपकिरीवर 1 काढावं लागतं आणि ब्लॅक बेल्टला वय किमान 19 लागतं, प्रत्यक्षात लोकांना दहाएक वर्षं सहज लागतात. कराटे-तायक्वांदोत पहिला डॅन लवकर येतो आणि त्यात काही खोटं नाही, कारण तिथे पहिला डॅन म्हणजे पाया पक्का झाला एवढंच असतं. फक्त सरांनी ते तसंच सांगावं.

मुलांसाठी बघत असाल तर

इथे मी कुणालाच सूट देत नाही. पालकांना कधीही, न सांगता, बसून क्लास बघता आला पाहिजे. दार बंद, पडदे ओढलेले, "पालक असले की मुलं लक्ष देत नाहीत" म्हणून कायमची बंदी, असं असेल तर मूल तिथे घालू नका. सर मुलाला एकट्याला बोलावतात का, एकट्याशी मेसेजवर बोलतात का, बाहेरगावी स्पर्धेला नेताना राहायची सोय कशी असते, मुलींबरोबर बाई कोच असतात का, हे विचारायला अजिबात लाजू नका. हात-पाय धरून पोझिशन दुरुस्त करणं या शिकवण्याचा भाग आहे, पण ते सगळ्यांसमोर, सांगून आणि कामापुरतं असतं.

शिक्षा बघा. चुकल्यावर दहा पुशअप ठीक. काठी, थोबाडीत, सगळ्यांसमोर वजनावरून टोमणे, हे शिस्त म्हणून चालवून घेऊ नका. स्पर्धेसाठी वाढत्या वयाच्या मुलाला उपाशी ठेवून, पाणी तोडून वजन उतरवायला सांगणारे कोच असतील तर त्याच दिवशी मूल काढून घ्या. लहान मुलांच्या डोक्यावर जोरात पंच-किक बसतील असं स्पारिंग नको, चांगले सर मुलांना खेळातूनच अंतर, तोल, वेळ साधणं शिकवतात आणि मुलांना ते स्पारिंग वाटतही नाही.

सात वर्षांच्या मुलाला ब्लॅक बेल्ट दिला म्हणून हुरळून जाऊ नका. तायक्वांदोत कुक्कीवॉन 15 च्या आतल्या मुलांना डॅन न देता पूम देतं, अर्धा लाल अर्धा काळा बेल्ट, ही मला फार योग्य पद्धत वाटते, मुलाच्या कष्टाचा मान राहतो आणि मोठ्यांच्या बेल्टचाही. आणि क्लासहून आल्यावर "कोण जिंकलं" असं विचारण्यापेक्षा "आज कुणाबरोबर जोडी होती, सर काय म्हणाले" असं विचारा, उत्तरातून तुम्हाला क्लासचं हवामान रोज कळत राहील.

तीन महिन्यांनी परत एकदा बघा

लावला क्लास, छान. पहिले तीन महिने तुलना करत बसू नका, नियमित जा, रोज क्लास बदलायचा विचार करणाऱ्याला काहीच येत नाही. तीन महिन्यांनी मात्र शांतपणे बसून विचार करा. पडायला आलं का, तोल सुधारला का, कुणी जोरात अंगावर आलं तर पहिल्या दिवशी जसे डोळे मिटत होते तसे अजून मिटतात का. सरांना तुमचं नाव आणि तुमची नेहमीची चूक माहीत आहे का. जाताना छातीत धडधडतं ते उत्साहाने की भीतीने. शरीर दुखतंय ते बरं होतंय की साठत चाललंय. तुमच्यानंतर आलेला एखादा नवा असेल, त्याला तुम्ही स्वतः कसे वागवताय तेही बघा, कारण तीन महिन्यांत त्या शाळेचं वळण तुमच्यातही उतरलेलं असतं.

उत्तरं बरी आली नाहीत तर सोडायला संकोच वाटून घेऊ नका. शक्य असेल तर समोर जाऊन सांगा, सर, मी थांबतोय, इतके दिवस शिकवलंत त्याबद्दल आभार. कारण द्यायलाच पाहिजे असं नाही. मात्र कुणी छळ केला असेल, अंगाला नको तिथे हात लावला असेल, तर भेटायलाही जाऊ नका, घरच्यांना सांगा, संघटनेकडे आणि गरज पडली तर पोलिसांकडे तक्रार करा. साधंच सोडत असाल तर निघायच्या आधी ग्रेडिंगची सर्टिफिकेटं आणि संघटनेचं कार्ड ताब्यात घ्या, बँकेतून आपोआप फी कापली जात असेल तर ती बंद करा, आणि नव्या क्लासमध्ये जाताना जुना बेल्ट घालून जायचं की पांढरा हे तिथल्या सरांनाच आधी विचारा.